तपासणीला कोण आलं, आणि किती वाजता आलं

प्रश्न थोडक्यात असा. एकाच कंपनीचे दोन कारखाने आहेत. यंत्रं तीच, कामाच्या पद्धती त्याच, प्रशिक्षणही त्याच माणसांनी दिलेलं. एका कारखान्याच्या सुरक्षा तपासणीत ३ शेरे आले, पूर्तता अहवाल गेला आणि विषय मिटला. दुसऱ्या कारखान्यात १४ शेरे, मग कारणे दाखवा नोटीस, मग सुनावणी, शेवटी दंड. विचारणाऱ्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: दुसऱ्या निरीक्षकाच्या मनात आमच्याबद्दल आकस होता का, आणि असला तर तो दाखवून कसा द्यायचा.

मी १९ वर्षं कारखान्यांच्या तपासण्या केल्या, पुढे काही वर्षं दंडाच्या फाइली हाताळल्या, आणि आता नव्या निरीक्षकांना शिकवतो. उत्तर लांबणार आहे, कारण या विषयात ‘आकस’ हा शब्द फार लवकर तोंडात येतो, आणि तो आला की पुढचा विचार तिथेच थांबतो.

तपासणी माणूस करतो, म्हणून निकालात माणूस उतरतोच. पण तो बहुतेक वेळा द्वेष म्हणून उतरत नाही. थकवा, ओळख, तासाभरापूर्वी पाहिलेला दुसरा कारखाना, घरी जायची वेळ, समोरच्याची वागणूक, हातातली जाडजूड फाइल, अशा वाटांनी तो आत येतो. आणि या वाटांतल्या बहुतेक सौम्यतेकडे जातात. निरीक्षक उगाच शेरे लिहितो त्यापेक्षा लिहायला हवे ते लिहीत नाही, हे जास्त घडतं. उगाच लिहिलेल्या शेऱ्याविरुद्ध कंपनी अपील करते. न लिहिलेल्या शेऱ्याविरुद्ध कोण अपील करणार? त्या यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराला तर तो शेरा राहून गेला हेही कळत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नातली १४ शेऱ्यांची तपासणी मला जितकी अस्वस्थ करते, त्याहून जास्त ३ शेऱ्यांची करते.

हे मी नुसत्या अनुभवावरून म्हणत नाही. मारिया इबान्येझ आणि मायकेल टॉफेल या संशोधकांनी अमेरिकेतल्या अन्नसुरक्षा निरीक्षकांच्या हजारो तपासण्या वेळापत्रकासह तपासल्या. त्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. एकाच दिवसात निरीक्षक जसजसा पुढच्या ठिकाणी जातो, तसतसे दर भेटीमागे त्याचे शेरे सुमारे ३ टक्क्यांनी घटतात, असं त्यात दिसलं. तपासणी रोजच्या सुटण्याच्या वेळेपलीकडे लांबण्याची शक्यता असेल, तर आणखी सुमारे ५ टक्के घट. आधीच्या ठिकाणी खूप त्रुटी सापडल्या असतील, तर मात्र पुढच्या ठिकाणी जास्त शेरे. म्हणजे पुढच्या मालकाच्या निकालावर, जिचा त्याच्याशी काहीही संबंध नाही अशा एका जागेची सावली पडते.

हे वाचल्यावर मी माझ्या जुन्या डायऱ्या काढून बसलो. दिवसातल्या पहिल्या कारखान्यात मी प्रेसच्या, म्हणजे दाबयंत्राच्या, मागच्या बाजूला जाऊन गार्डचे (संरक्षक झाकणाचे) बोल्ट हातानं हलवून पाहायचो, इंटरलॉक (झाकण उघडताच यंत्र बंद करणारी कळ) उघडून यंत्र खरंच थांबतं का ते बघायचो. चौथ्या कारखान्यात गार्ड लांबून दिसला की तक्त्यात खूण व्हायची. त्या दिवसांत मला कोणी विचारलं असतं, तर मी शपथेवर सांगितलं असतं की सगळीकडे सारखंच पाहतो. खोटं बोलत नव्हतो. थकलेल्या माणसाला आपण कमी पाहतोय हे दिसत नाही, कारण जे पाहिलंच नाही ते आठवणीतही राहत नाही.

(थकव्याची गोष्ट निघाली की हमखास २०११ च्या एका अभ्यासाचा दाखला दिला जातो: इस्रायलमधल्या पॅरोल सुनावण्यांत जेवणाच्या सुट्टीनंतर कैद्यांच्या बाजूनं निकाल सुमारे ६५ टक्के, आणि सुट्टीच्या आधी जवळजवळ शून्य. तो दाखला जपून वापरा. प्रकरणांचा क्रम योगायोगानं लागलेला नव्हता, वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणं सत्राच्या शेवटी येत होती, असे गंभीर आक्षेप त्यावर लगेच घेतले गेले. परिणाम असेलही, पण त्या आकड्यांएवढा मोठा मानू नये.)

थकव्याहून मोठी गोष्ट म्हणजे ओळख. जिन्जर झी जिन आणि जुंगमिन ली यांनी फ्लोरिडातल्या रेस्टॉरंटांच्या तपासण्या पाहिल्या. त्याच जागी पुन्हा गेलेल्या निरीक्षकापेक्षा नवा निरीक्षक साधारण १३ ते १७ टक्के जास्त त्रुटी नोंदवतो, असं त्यांना आढळलं. इथे लोक लगेच लाचेचा वास घेतात. लाच असते, नाही असं मी म्हणणार नाही. पण तिच्याशिवायही हे घडतं. पाचव्या भेटीत तुम्हाला त्या व्यवस्थापकाचं नाव माहीत असतं, मागच्या वर्षी त्यानं किती धावपळ करून पूर्तता केली ते आठवत असतं, आणि कोपऱ्यातला उघडा केबल ट्रे आता तुमच्या डोळ्यांना त्या जागेचाच भाग वाटू लागलेला असतो. मागच्या वेळी आपणच तो सोडून दिला होता, मग आता लिहायचा कसा? स्वतःच्या जुन्या अहवालाशी सुसंगत राहण्याची ओढ ही मी पाहिलेली सर्वांत चिवट ओढ आहे.

पुरवठादार कारखान्यांच्या खासगी ऑडिटमध्येही चित्र असंच आहे. ६६ देशांतल्या सुमारे १७ हजार ऑडिटच्या एका अभ्यासात, त्या जागी आधी येऊन गेलेले ऑडिटर कमी उल्लंघनं नोंदवताना दिसले. कमी अनुभवाचे, कमी प्रशिक्षणाचे आणि निव्वळ पुरुषांचे चमूही कमी नोंदवत होते. आणि ऑडिटचा खर्च पुरवठादारच करत असेल, तर आणखी कमी.

त्या शेवटच्या मुद्द्यावर थांबायला हवं, कारण तिथे माणसाचा स्वभाव आणि व्यवस्थेची रचना एकमेकांत मिसळतात. गुजरातमध्ये कारखान्यांच्या प्रदूषणाचं ऑडिट करणाऱ्या खासगी संस्था कारखानदारच निवडायचा आणि पैसेही तोच द्यायचा. त्यांच्या अहवालांतली मोजमापं मर्यादेच्या किंचित खाली गर्दी करून बसलेली असायची, आणि स्वतंत्र मोजणी केली की खरे आकडे वेगळे निघायचे. एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर एक प्रयोग केला. काही कारखान्यांसाठी ऑडिटर चिठ्ठी काढल्यासारखा नेमला, त्याचं मानधन ठरावीक आणि सामायिक निधीतून दिलं, आणि काही मोजण्या दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतल्या. प्रदूषण मर्यादेत असल्याचं खोटं नोंदवण्याची शक्यता ८० टक्क्यांनी घटली, आणि त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. माणसं तीच होती. कोणालाही नीतिमत्तेचे धडे दिले नव्हते. मी प्रशिक्षणात हे उदाहरण पहिल्याच दिवशी देतो, कारण आपल्या क्षेत्रात प्रत्येक बिघाडावर ‘प्रामाणिक माणसं आणा’ हेच औषध सुचवलं जातं.

आता तुमच्या १४ आणि ३ कडे वळतो. एकच स्थिती दोन निरीक्षकांनी पाहिली तर फरक किती पडावा? वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीत डॅनियल हो यांनी तिथल्या अन्नसुरक्षा निरीक्षकांच्या जोड्या केल्या. दोघांनी एकाच वेळी एकाच स्वयंपाकघरात जायचं आणि आपापला तक्ता स्वतंत्र भरायचा. डोळ्यांसमोर तीच स्थिती असूनही सुमारे ६० टक्के वेळा दोघांचं जुळलं नाही. बँकांच्या देखरेखीतही तेच. अमेरिकेत राज्याचा परवाना असलेल्या बँकांची तपासणी ठरल्या पाळीनं एकदा राज्याचा आणि एकदा केंद्राचा नियामक करतो. बँक तीच, नियम तेच, तरी केंद्राचे तपासनीस साधारण दुप्पट वेळा मानांकन खाली आणत होते. तेव्हा तुमच्या दोन कारखान्यांतला फरक आकसाशिवायही सहज पडू शकतो. एकाच प्रकरणावरून आकस दाखवता येत नाही. तो दिसलाच तर एका निरीक्षकाच्या पुष्कळ तपासण्या शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसतो, आणि ती कागदपत्रं तुमच्याकडे नसतात, खात्याकडे असतात.

पण खरा पूर्वग्रह असतो तो कसा दिसतो, तेही सांगायला हवं, कारण मी तो पाहिला आहे आणि केलाही आहे. मोठ्या कारखान्यात बैठकीची खोली असते, पडद्यावर सादरीकरण होतं, रंगीत खुणा लावलेल्या फाइली येतात, अनुपालन अधिकारी मागितलेला कागद मिनिटभरात काढून देतो. अर्ध्या तासात निरीक्षकाच्या मनात ‘इथे सगळं व्यवस्थित आहे’ हे पक्कं होतं, आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी तो तेच बघायला जातो. लहान कारखान्यात मालक स्वतः धावत येतो, घाबरलेला असतो, रजिस्टर सापडत नाही. तिथे पहिला शेरा रजिस्टरचा पडतो, मग दुसरा, मग नजर त्रुटी शोधण्यावरच बसते. दोन्हीकडे धोका यंत्रात असतो, पण निकाल ठरतो कागदावरून. कागद तपासणं सोपं, त्यावरचा शेरा टिकवणंही सोपं. फलक नाही, तारीख उलटली, सही नाही, हे शेरे कोणी खोडून काढू शकत नाही. ‘या प्रेसवर हात अडकू शकतो’ हा शेरा लिहायला मात्र ज्ञान लागतं, आणि सुनावणीत त्याचं समर्थन करावं लागतं. तुमच्या १४ शेऱ्यांतले किती कागदाचे आणि किती धोक्याचे, हे आधी मोजा. मला वाटतं त्या निरीक्षकाबद्दल सगळ्यात जास्त तेच सांगेल.

दंडाच्या टप्प्यावर गोष्ट आणखी बिघडते. तपासणीत निदान पाहायला काही समोर असतं. दंडात एक रक्कम लिहायची असते, आणि माणसाच्या मनात एखाद्या चुकीचं गांभीर्य रुपये किंवा डॉलरच्या भाषेत मोजलेलं नसतं. कानमन, श्केड आणि सनस्टीन यांनी १९९८ मध्ये हे फार स्वच्छ दाखवलं. कंपन्यांच्या गैरवर्तनाची प्रकरणं लोकांना वाचायला दिली, तर कोणतं वर्तन किती संतापजनक आहे आणि किती कडक शिक्षा व्हावी, यावर त्यांची मतं बरीच जुळली. तीच शिक्षा पैशांत सांगा म्हटल्यावर आकडे वाटेल तसे विखुरले. मी प्रशिक्षणात एकच फाइल सगळ्यांना देऊन एकमेकांशी न बोलता रक्कम लिहायला सांगतो. प्रकरण गंभीर आहे यावर वर्गात एकमत असतं, आणि सगळ्यांत लहान व सगळ्यांत मोठ्या रकमेत कित्येक पटींचं अंतर असतं. मग अधिकारी टेकण्यासाठी काहीतरी शोधतो: कायद्यातली कमाल मर्यादा, गेल्या महिन्यातला शेवटचा आदेश, किंवा कंपनीच्या वकिलानं सुचवलेला आकडा. जो आकडा आधी कानावर पडतो, त्याच्याभोवतीच पुढचे सगळे आकडे फिरतात.

आणि अपघात झाला असेल तर? त्याच तुटलेल्या गार्डवर कोणाचा हात गेला नाही तर लहान दंड, गेला तर खटला. परिणाम झाला म्हणून शिक्षा जास्त असावी, याला कायद्यात आणि लोकांच्या न्यायबुद्धीत आधार आहे, त्याला माझा विरोध नाही. पण अपघातानंतर आपण कंपनीनं ‘हे ओळखायलाच हवं होतं’ असं लिहितो, तेव्हा ते ओळखणं आपल्याला आज सोपं वाटतं, कारण शेवट आपल्याला माहीत आहे. मी स्वतः एका प्रकरणात असा आदेश लिहिला होता. नंतर त्याच कारखान्याचा दोन वर्षं आधीचा माझाच अहवाल समोर आला. त्यात ते यंत्र पाहिल्याची नोंद होती आणि शेरा नव्हता. मी व्यवस्थापकाला ज्यासाठी दोषी धरलं, ते मलाही दिसलं नव्हतं. त्या आदेशाचा विचार आजही माझ्या मनातून जात नाही. त्या कामगाराचाही.

सुनावणीतली वागणूक हाही एक छुपा वजनकाटा आहे. वाद घालणाऱ्याला जास्त, हात जोडणाऱ्याला कमी. सहकार्य हा दंड कमी करण्याचा रास्त आधार आहे, पण सहकार्य म्हणजे त्रुटी किती दिवसांत आणि किती नीट दुरुस्त केली. नम्र आवाज म्हणजे सहकार्य नव्हे. आणि स्वतःचा मुद्दा ठामपणे मांडणं हा कंपनीचा हक्क आहे, तो वापरला म्हणून दंड वाढता कामा नये.

मग निरीक्षकाचा विवेकच, म्हणजे स्वतःच्या अंदाजानं ठरवण्याची मुभाच, काढून टाकावी का? संगणकानं सांगावं कुठे जायचं, तक्त्यानं सांगावं किती दंड? मी याच्या विरोधात आहे. शिकागोनं अन्नसुरक्षेसाठी असं भाकीत करणारं प्रारूप चालवून पाहिलं, आणि गंभीर त्रुटी सरासरी साडेसात दिवस आधी सापडल्या असत्या असं त्यांच्या चाचणीत आलं. चांगली गोष्ट आहे. पण त्या भाकितात तपासणीला कोणता निरीक्षक जाणार हाही एक घटक होता, आणि त्याला मोठं वजन होतं. म्हणजे यंत्र काही अंशी जागेचा धोका नव्हे, तर निरीक्षकाचा कडकपणा शिकलं होतं. जुन्या शेऱ्यांवर शिकवलेलं यंत्र जुन्या नजरा घेऊनच येतं. जिथे जास्त गेलो तिथे जास्त सापडलं, म्हणून तिथेच पुन्हा जायचं, आणि जिथे कधी गेलो नाही ती जागा कागदावर निर्दोष राहते.

विवेकाच्या बाजूनं पुरावाही आहे. गुजरातमध्येच, प्रदूषण ऑडिटचा प्रयोग करणाऱ्या त्याच अभ्यासकांनी दुसरा प्रयोग केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. कारखान्यांच्या तपासण्या जवळपास दुप्पट केल्या, वाढीव भेटींसाठी कारखाने सरसकट चिठ्ठीनं निवडले. प्रदूषण फारसं कमी झालं नाही. कारण अधिकारी स्वतःच्या अंदाजानं जातात तेव्हा ते सर्वांत वाईट प्रदूषकांच्या मागे जातात, आणि चिठ्ठीनं वाढवलेल्या भेटी मुख्यतः साधारण कारखान्यांत पडल्या. अनुभवी निरीक्षकाला कुठे जायचं हे कळतं. मला ते ज्ञान गमवायचं नाही. त्याच्याभोवती कुंपण मात्र हवं आहे.

ते कुंपण फार महागही नाही. किंग काउंटीच्या त्या जोड्यांनी आठवड्यातला एक दिवस एकत्र तपासण्या केल्या आणि मतभेदांवर बसून चर्चा केली. त्यातून निरीक्षकांमधला फरक घटला आणि त्रुटीही जास्त सापडू लागल्या. मी माझ्या विद्यार्थ्यांना याशिवाय तीन सवयी लावायचा प्रयत्न करतो. सर्वांत धोकादायक जागा दिवसातली पहिली भेट असू दे. कामाच्या जागी फेरी मारून निरीक्षणं लिहून होईपर्यंत मागचा अहवाल उघडू नका, बैठकीच्या खोलीत बसू नका. आणि दंड ठरवणारा माणूस तपासणी करणारा नसावा. त्यानं आधी गांभीर्याची पायरी कारणांसह लिहावी, रक्कम शेवटी. निरीक्षकांची अदलाबदल हवीच, पण तिची किंमत आहे हे मान्य करून. नव्या माणसाला त्या कारखान्याचा इतिहास ठाऊक नसतो, म्हणून जुन्यानं चांगली टिपणं ठेवायला हवीत, आणि नव्यानं ती फेरी झाल्यावर वाचायला हवीत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर अपिलात ‘आकस’ हा शब्द लिहू नका. तो लिहिला की सुनावणी निरीक्षकाच्या चारित्र्यावर जाते आणि तुम्ही ती हरता. प्रत्येक शेऱ्यासमोर तीन रकाने करा: कोणत्या नियमाचं कोणतं कलम, त्या दिवशीची वस्तुस्थिती, आणि आजची स्थिती छायाचित्रासह. ज्या शेऱ्यात कलम नाही, त्याचं कलम लेखी मागा. दंडाच्या रकमेची कारणं आदेशात नसतील, तर अपिलात तोच तुमचा सर्वांत मजबूत मुद्दा. दुसऱ्या कारखान्यात हेच चाललं होतं, असं मात्र म्हणू नका. एकीकडे दुर्लक्ष झालं म्हणून दुसरीकडे सूट मिळत नाही, आणि ते वाक्य तुमच्याच दुसऱ्या कारखान्याविरुद्ध कबुलीसारखं वाचलं जाईल.

आणि हे सगळं लिहायला बसण्याआधी, उद्या सकाळी, त्या १४ शेऱ्यांतले धोक्याचे जेवढे आहेत त्यांची यादी हातात घेऊन ३ शेरेवाल्या कारखान्यात जा. तिथला व्यवस्थापक बरोबर नको, तिथल्या कोणाला ओळखत नाही असा तंत्रज्ञ बरोबर घ्या. इंटरलॉक उघडून पाहा. यंत्र थांबतं का ते बघा.